आमरस वर गेला, पुढे काय? : इस्रोच्या मानवी अंतराळ उड्डाण केंद्राला खुले पत्र

प्रति,
संचालक आणि यानातल्या राहण्याजेवण्याची सोय पाहणारी सर्व अभियंता मंडळी,
मानवी अंतराळ उड्डाण केंद्र, इस्रो, बंगळुरू

स. न. वि. वि.

जून २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेले तेव्हा सोबत गाजराचा हलवा, मूगडाळीचा हलवा आणि आमरस होता, ही बातमी आमच्याकडे पोराटोरांनाही पाठ झाली. गगनयानासाठी मैसूरच्या प्रयोगशाळेत काय काय शिजतंय यावरही रकानेच्या रकाने भरून येतात. आमरसाचं पुढे काय झालं, हे मात्र कुणी विचारत नाही. शाळकरी मुलं तेवढी विचारतात, आणि मोठी माणसं ते हसण्यावारी नेतात.

मी विचारते आहे. मी सॅनिटरी इंजिनीअर, आता निवृत्त. बसस्थानकं, मुलींच्या शाळा, वसतिगृहं इथल्या संडास-मोऱ्यांचे नकाशे काढण्यात उमेदीची वर्षं गेली. अंतराळाशी माझा संबंध वाचण्यापुरता. संडासाशी मात्र पक्का. गगनयान तीन जणांना तीन दिवसांसाठी चारशे किलोमीटरवर नेणार, त्याची आखणी आता पुढे गेलेली आहे. म्हणून माझं मागणं मुख्यतः २०३५ पर्यंत उभारायच्या भारतीय अंतराळ स्थानकाबद्दल आहे. तिथला संडास आराखड्याच्या पहिल्या कागदावर हवा, त्याबद्दल उघड बोललं जावं, आणि जे वापरणार त्यांना, विशेषतः बायकांना, आधी विचारलं जावं. बाकी पत्र याच मागण्याच्या पुष्ट्यर्थ आहे.

या विषयावर कचेरीला लिहिणारी मी काही पहिली नव्हे. १९०९ साली ओखिलचंद्र सेन नावाच्या प्रवाशाने साहिबगंजच्या रेल्वे कचेरीला कळवलं होतं, की फणस खाऊन पोट तुंबलं, अहमदपूर स्टेशनात उतरून आडोशाला गेलो, तेवढ्यात गार्डाने शिट्टी फुंकली, आणि एका हातात लोटा, दुसऱ्या हातात धोतर धरून धावताना फलाटावर पडलो. बायाबापड्यांसमोर शोभा झाली ती झालीच, वर गाडीही चुकली. खालच्या वर्गाच्या डब्यांत संडास आले ते या पत्रामुळे, असं सांगतात. तोवर आपल्याकडे रेल्वे सुरू होऊन छप्पन्न वर्षं झाली होती. पूल झाले, बोगदे झाले, बोरघाट चढून झाला. गाडीत बसलेल्या माणसाला पोट असतं, हे कागदावर यायला मात्र एका फणसाची गरज लागली.

अंतराळात हीच गोष्ट जास्त वेगाने आणि जास्त खर्चाने घडली. ५ मे १९६१ रोजी ॲलन शेपर्ड अंतराळात जाणारा पहिला अमेरिकन ठरला. उड्डाण पंधरा मिनिटांचं, म्हणून लघवीची काही सोय केलेली नव्हती. पंधरा मिनिटं कोण थांबणार नाही? पण यान सुटायलाच उशीर होत गेला आणि शेपर्ड चार तासांहून अधिक वेळ यानात उताणे पडून राहिले. शेवटी त्यांनी खाली विचारणा केली, अंगावरच्या वैद्यकीय सेन्सरची वीज बंद करायला लावली आणि पोशाखातच लघवी केली. उताणे असल्यामुळे ती पाठीच्या खळग्यात साचली आणि आतल्या सुती कपड्यात हळूहळू जिरली. इतिहासातल्या त्या थोर क्षणी नायक ओल्या कपड्यात होता. हिशेब उड्डाणाचा केला होता, वाट पाहण्याचा केला नव्हता. आमच्या धंद्यातही नेमकी हीच खोट असते: बसस्थानकाचा नकाशा करणारा गाड्या मोजतो, गाडी चुकलेल्या बाईचे तीन तास मोजत नाही. गगनयानही प्रक्षेपणाच्या तळावर थांबेल, समुद्रात उतरल्यावर नौदलाची वाट पाहील. ते तास धरले आहेत ना?

आता थोडं तांत्रिक. तुम्हाला हे सांगणं म्हणजे काशीत गंगा विकणं, पण पत्र खुलं आहे आणि वाचणारे इतरही आहेत.

जमिनीवरचा संडास बांधताना आम्ही कशावर विसंबतो? उतारावर. चार इंची पाइपाला चाळीस फुटांत एक फूट उतार दिला की पाणी मैला ओढून नेतं. नहाणी ट्रॅपमध्ये दोन इंच पाणी आपलं आपण उभं राहतं आणि गटाराचा वास अडवतं. मेस्त्रीने लेव्हल चुकवली की सगळं तुंबतं, म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा पगार किती मोठा आहे ते कळतं. वर कक्षेत हा फुकटचा कामगार रजेवर असतो. तिथे पाणी वाहत नाही, मैला पडत नाही, ट्रॅपमधलं पाणी ट्रॅपमध्ये राहत नाही. त्याची जागा पृष्ठताण घेतो. लघवीचा थेंब अंगापासून सुटायचं नावच घेत नाही, त्वचेला चिकटून फुगत राहतो आणि धक्का बसला तर गोळा होऊन तरंगत निघतो. घन पदार्थाचंही तेच. जमिनीवर तो स्वतःच्या वजनाने तुटून पडतो. तिथे वजनच नाही, तर तुटायचा कशाने?

माणसाला चंद्रावर नेणाऱ्या अपोलो यानांच्या अभियंत्यांनी यावर शोधलेला उपाय म्हणजे प्लास्टिकची पिशवी. ती कशी वापरायची हे जरा जवळून बघू, कारण अंतराळ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे झेंडा आणि पाऊलखुणा येतात, ही पिशवी येत नाही. पिशवीच्या तोंडाला चिकट कडा होती. कपडे उतरवून ती कडा ढुंगणाला चिकटवायची. पिशवीच्या अंगालाच बोटासारखी एक टोपी काढलेली असे. तीत बोट घालून, जे वजनाअभावी सुटत नव्हतं ते सोडवायचं. मग पुसायचं, कागद त्याच पिशवीत. त्यानंतर जंतुनाशकाची पुडी आत टाकून पिशवी बंद करायची, आणि ती पुडी आतल्या आत फोडून सगळं हातांनी नीट मळायचं. मळायचं राहिलं तर आत जंतू वाढून वायू साचतो आणि पिशवी फुटू शकते. या सगळ्याला पाऊण तास लागे, आणि सहकारी हाताच्या अंतरावर. मे १९६९ मध्ये अपोलो १० चंद्राभोवती जाऊन आलं. त्या प्रवासातल्या संभाषणाची अधिकृत नोंद आहे: टॉम स्टॅफर्ड घाईघाईने रुमाल मागतात, कारण हवेतून एक लेंडका तरंगत चाललाय. मग तो कुणाचा यावर तिघांची चर्चा होते आणि तिघेही कानांवर हात ठेवतात. दोन महिन्यांनी माणूस चंद्रावर उतरला, तो याच पिशव्या सोबत घेऊन.

लघवीसाठी पुरुषांना निरोधसारखी रबरी नळी असे, लहान, मध्यम, मोठ्या मापांत. तिची एक गोष्ट अपोलोच्या अंतराळवीरांनीच पुढे सांगितली आहे. लहान माप कुणीच मागेना. सैल नळी लावून मंडळी वर जात आणि गळती होई. शेवटी मापांची नावंच बदलली, म्हणजे सगळ्यांत लहान मापालासुद्धा मोठं म्हणायचं. हसू येतं खरं, पण मला यात धडा दिसतो. माणसाची लाज, त्याचा ताठा, हासुद्धा यंत्राचा एक भाग असतो. तो नकाशात धरला नाही तर सांधा तिथेच गळतो.

पुढे हवेने गुरुत्वाचं काम करायचं ठरलं. १९७३च्या स्कायलॅब या अमेरिकन अंतराळ स्थानकात भिंतीवर बसवलेला संडास होता. पंखा हवा आत ओढे आणि हवेबरोबर मैला पिशवीत जाई. आजही तत्त्व तेच आहे. नरसाळं लावलेल्या नळीतून हवा लघवी ओढते, वेगाने फिरणारा पिंप लघवी बाहेरच्या बाजूला फेकतो, हवा मधून वेगळी होते, गाळणीतून आणि कोळशातून जाऊन परत खोलीत येते. सांगायला दोन ओळी लागतात. पण अमेरिकेच्या स्पेस शटल यानातल्या संडासाचं तोंड जेमतेम चार इंच रुंद होतं, आणि हवेचा झोत नेमका लागायचा तर नेमकंच बसावं लागे. म्हणून ह्यूस्टनला सरावासाठी एक खास सीट होती, खालून कॅमेरा लावलेली आणि समोर पडदा असलेली. अंतराळवीर त्यावर बसून नेम शिकत. लढाऊ विमानं उडवलेली माणसं ती! कुणी म्हणेल, हा काय प्रकार. मी म्हणते, शाब्बास. लाजेला बाजूला सारून केलेलं हे खरं इंजिनीअरिंग आहे. तुमच्याकडे अशी सीट नसेल तर करा, आणि तिचा फोटो छापा.

शटलची लघवी बाहेर अवकाशात सोडत. ऑगस्ट १९८४ मध्ये डिस्कव्हरी नावाच्या शटलच्या पहिल्याच फेरीत ती बाहेरच्या तोंडाशी गोठली आणि बर्फाचा सुळका तयार झाला. परतताना तो तुटून यानावर आदळला तर मोठं नुकसान, म्हणून कप्तान हँक हार्ट्सफील्ड यांनी यानाचा लांब यांत्रिक हात वळवून तो सुळका ठोकून पाडला. त्यानंतर बाहेर सोडणं बंद, आणि पुरुष मंडळींना पुन्हा पिशव्यांवर यावं लागलं. कोट्यवधी डॉलरचा यांत्रिक हात, उपग्रह हाताळायला घडवलेला, आणि त्याच्या वाट्याला हे काम आलं.

आता मूळ दुखण्याकडे येते.

संडास गैरसोयीचा असला की माणूस काय करतो? पाणी कमी पितो. अपोलो १३ मध्ये एप्रिल १९७० मध्ये ऑक्सिजनची टाकी फुटल्यावर पाणी जपून वापरणं भाग होतं. त्यात लघवी बाहेर सोडू नका, यानाची वाट ढळेल, असा निरोप आला. लघवी पिशव्यांत साठत गेली, तिघेही पाणी अगदी थोडं पीत राहिले आणि फ्रेड हेझ मूत्रमार्गाच्या संसर्गाने तापाने फणफणत पृथ्वीवर परतले. तिघे वाचले म्हणून आपण टाळ्या वाजवतो. मला हा भाग वाचताना आमच्या बायका दिसतात: एसटीच्या कंडक्टर, बंदोबस्तावरच्या पोलीस, बाजारात बसणाऱ्या भाजीवाल्या. सकाळी घरून निघताना घोटभर पाणी, की संध्याकाळपर्यंत निभावलं पाहिजे. मग जळजळ, ताप, डॉक्टर. मुंबईत २०११च्या सुमारास 'राइट टू पी' या नावाने चळवळ उभी राहिली ती याचसाठी: पुरुषांना मुतारी फुकट, आणि बाईला पैसे मोजूनही आडोसा नाही. हेझसारखा ताप आमच्याकडे रोज कुणाला ना कुणाला येतो, त्याची बातमी होत नाही इतकंच.

वर तर अडचण आणखी एका पायरीने वाढते. जमिनीवर मूत्राशय भरत आलं की वजन खाली जाणवतं आणि आपल्याला कळतं. वजनविरहित अवस्थेत ही सूचना वेळेवर मिळत नाही. कळतं तोवर मूत्राशय तुडुंब भरलेलं असतं, आणि मग काहींना लघवी उतरतच नाही, नळी घालायची वेळ येते. म्हणून घड्याळ बघून जायची शिस्त लावतात. आता विचार करा: दर दोन-तीन तासांनी जायचंय आणि संडास असा की प्रत्येक वेळी धीर गोळा करावा लागतो. माणूस घड्याळाला फसवणारच.

आणि बायका. नासाने १९७८ मध्ये पहिल्या सहा महिला निवडल्या. पैकी सॅली राइड १९८३ मध्ये आठवड्याभराच्या फेरीवर जाणार होत्या. सामान भरताना अभियंत्यांनी त्यांना विचारलं, शंभर टॅम्पॉन पुरतील ना? राइड यांनी शांतपणे सांगितलं, नाही, हा आकडा बरोबर नाही. हा किस्सा त्यांनी स्वतः सांगून ठेवला आहे. लोक त्यावर हसतात. मला त्या अभियंत्यांचं कौतुक वाटतं, कारण त्यांनी निदान विचारलं. मी ज्या खात्यांसाठी नकाशे काढले त्यांतल्या एका ठिकाणी मुलींच्या संडासात पिशवी अडकवायला खिळा नव्हता, पॅड टाकायला डबा नव्हता, कडी बाहेरून लागत होती आणि आतून लागत नव्हती. नकाशावर सह्या होत्या सात, त्यांत बाई एकही नाही. खिळ्याची किंमत तेव्हा रुपया असेल.

शटलमध्ये बायकांसाठी रबरी नळीचा उपयोग नव्हता, म्हणून शोषून घेणाऱ्या चड्ड्या केल्या. पुढे पुरुषांनीही त्याच धर्तीचे डायपर घ्यायला सुरुवात केली, कारण ते मुळात बरे होते! बाईसाठी केलेली सोय सगळ्यांच्या कामी येते, हा अनुभव मला जमिनीवरही आहे. पण स्थानकावरच्या संडासात बाईला एकाच वेळी सीटवर बसून नरसाळं धरणं अवघड जाई, हे कळून त्यावर पक्का इलाज व्हायला २०२० उजाडलं. नवा संडास आधीच्याहून आकाराने ६५ टक्के लहान, वजनाने ४० टक्के हलका, खर्च २ कोटी ३० लाख डॉलर. झाकण उचललं की हवा आपोआप सुरू होते, आणि सीट व नरसाळं यांचे आकार महिला अंतराळवीरांचं ऐकून बदललेले. तो ज्या मालवाहू यानातून ऑक्टोबर २०२० मध्ये वर गेला, त्या यानाचं नाव होतं 'एस. एस. कल्पना चावला'. हा योगायोग मला फार आवडतो.

आपल्या पहिल्या चार अंतराळवीरांत महिला नाही. चौघेही हवाई दलाचे चाचणी वैमानिक. त्याबद्दल आज भांडत नाही. पण म्हणून संडासही चौघांच्या मापाने होणार असेल तर भांडेन. मानवविरहित उड्डाणात तुम्ही व्योममित्रा ही यंत्रमानव पाठवणार, ती दिसायला बाई आहे; बोलते, कळा दाबते, पण तिला लघवी लागत नाही आणि पाळी येत नाही. तेव्हा चाचणीचा हा भाग तिच्या भरवशावर सोडू नका.

२०२० मध्ये नासाने चंद्रावरच्या संडासासाठी जगभरातून कल्पना मागवल्या होत्या. त्या जाहिरातीतल्या अटी मी छापून कपाटावर लावल्या. वजन १५ किलोच्या आत, जागा ०.१२ घनमीटर, वीज ७० वॉटच्या आत, आवाज ६० डेसिबलच्या आत. एका वेळची लघवी एक लिटरपर्यंत, जुलाब झाले तर एका वेळी ५०० ग्रॅम, आणि पाळीचा स्राव एका व्यक्तीमागे दिवसाला ११४ ग्रॅम. एकाने वापरल्यावर दुसऱ्याला पाच मिनिटांत वापरता आला पाहिजे. किती सरळ लिहिलंय बघा. ना 'वैयक्तिक स्वच्छतेच्या गरजा', ना 'महिलांच्या विशेष बाबी'. एकशे चौदा ग्रॅम. आमच्या टेंडरांत असा एक आकडा जरी कुणी लिहिला असता, तरी निम्म्या शाळांतले संडास वापरात राहिले असते. तुमच्या स्थानकाच्या अटींतही असेच आकडे असावेत आणि ते लोकांना वाचता यावेत.

पाण्याचा प्रश्न आपला खास आहे. आपण धुणारी माणसं. कागदाने पुसलं की दिवसभर काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. वर सगळे ओल्या पुसण्यांवर भागवतात, शुभांशूंनीही तसंच भागवलं असणार. मी काही तांब्याचा हट्ट धरत नाही. वजनविरहित अवस्थेत पाणी ओतलं जात नाही, ते अंगावर थर होऊन बसतं आणि शेवटी टिपूनच काढावं लागतं, हे मला समजतं. शिवाय मैल्यात गेलेलं पाणी स्थानकावर परत मिळवत नाहीत. मैला डब्यात दाबून भरतात, डबे मालवाहू यानात टाकतात आणि ते यान वातावरणात जळून जातं. लघवीतलं पाणी मात्र परत येतं, एकूण ९८ टक्क्यांपर्यंत पाणी परत मिळवल्याचं २०२३ मध्ये जाहीर झालं. म्हणजे धुण्याचं पाणी हे कायमचं गेलेलं पाणी. पण हवेचा झोत चालू असताना चमचाभर पाण्याची बारीक फवारणी आणि मऊ सुती कापड, एवढं जमेल का, याचा हिशेब आपल्या लोकांनीच मांडायला हवा. दुसरं कुणी मांडणार नाही, त्यांना ती उणीव जाणवतच नाही.

बसण्याचंही तेच. वजन नसलं की शरीर आपोआप गुडघ्यात वाकून, हात पुढे तरंगवत, अर्धवट उकिडवं होतं. स्कायलॅबच्या काळात याची मोजमापं घेतली गेली. म्हणजे शरीर स्वतःहून जी बैठक घेतं, ती खुर्चीपेक्षा आपल्या देशी संडासाच्या जवळची आहे. पाय अडकवायच्या पट्ट्या आणि मांडीवरचे दांडे ठरवताना हे एकदा करून बघायला काय हरकत आहे?

शेवटचा मुद्दा देखभालीचा, आणि हा मी सगळ्यांत ठासून मांडते. संडास बांधणाऱ्याचा फोटो येतो, दुरुस्त करणाऱ्याचा येत नाही. मे २००८ मध्ये स्थानकावरच्या रशियन संडासाचा लघवीचा भाग बंद पडला, तेव्हा नवा पंप रशियाहून फ्लोरिडात आणून शटलमध्ये ऐनवेळी चढवावा लागला. पुढच्याच वर्षी लघवीपासून पाणी करणारं यंत्र तुंबलं. कारण ऐका: वजनविरहित अवस्थेत हाडं झिजतात, हाडांतलं कॅल्शियम लघवीत उतरतं, आणि लघवी टिकवायला घातलेल्या सल्फ्युरिक आम्लाशी मिळून त्याचा थर यंत्रात बसला. जमिनीवरच्या माणसांच्या लघवीवर चाचण्या केल्या होत्या, तिच्यात एवढं कॅल्शियम कुठून असणार? नंतर आम्ल बदलून फॉस्फोरिक केलं. बोअरच्या पाण्याने गिझरची कॉइल कशी पांढरी होते ते ज्याने पाहिलंय त्याला हे लगेच उमगेल.

जून २०२४ मध्ये सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर निघायच्या काही दिवस आधी स्थानकावर त्याच यंत्राचा पंप गेला आणि लघवी पिशव्यांत साठवायची वेळ आली. सुमारे ७० किलोचा नवा पंप त्यांच्या यानात चढवला आणि जागा करायला दोघांच्या कपड्यांच्या बॅगा उतरवल्या. आठवडाभराची फेरी नऊ महिने लांबली, हे आपण सगळे जाणतो. त्या बॅगांची आठवण त्यांना किती वेळा आली असेल!

आणि हे एक खास गगनयानासाठी. सप्टेंबर २०२१ मध्ये चार सामान्य नागरिक ड्रॅगन यानातून तीन दिवस फिरून आले. तीनच दिवस. परतल्यावर यान उघडलं तर यानाच्या फरशीखाली सगळीकडे लघवी. साठवणीच्या टाकीकडे जाणारी एक चिकटवलेली नळी निसटली होती आणि पंख्याने लघवी चहूकडे उडवली होती. वर असताना कुणाला दिसलं नाही. मग स्थानकाला जोडलेल्या दुसऱ्या ड्रॅगनमध्ये बघितलं तर तिथेही तेच. लघवीत मिसळलेल्या रसायनाने यानाचं ॲल्युमिनियम खाल्लं का, हे तपासायला जमिनीवर तसे तुकडे भिजवून ठेवावे लागले, आणि त्या यानातून नोव्हेंबरमध्ये परतणाऱ्या चौघांना संडास बंद ठेवून डायपरवर यावं लागलं. पुढच्या यानांत ती नळी चिकटवायची सोडून वेल्डिंग करून बसवली. तेव्हा माझी विनंती अशी, की प्रत्येक सांधा डोळ्यांना दिसेल आणि हाताला लागेल असा ठेवा. आमच्याकडे दर वळणावर चेंबर देतात ते उगाच नाही. सुंदर पत्रा लावून सांधे झाकायचा मोह होतो, तेवढा टाळा. आणि संडास दुरुस्तीचं प्रशिक्षण सगळ्यांना द्या, कप्तानालाही. आपल्या देशात हे काम कुणाच्या गळ्यात घातलं गेलं आणि अजूनही घातलं जातं, हे तुम्हाला सांगायला नको. स्थानकावर पाळ्या लावाल त्यात ही पाळी सगळ्यांच्या नावावर येऊ द्या, आणि तो तक्ता आम्हाला दाखवा.

उत्तराची अपेक्षा आहे. मराठीत नसलं तरी चालेल.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक निवृत्त सॅनिटरी इंजिनीअर, सातारा

ता. क. उलटीचं लिहायचं राहिलंच. पहिल्या दोन-तीन दिवसांत निम्म्याहून अधिक अंतराळवीरांना मळमळतं, आणि गगनयानाचे दिवसच मुळी तेवढे आहेत. नासाच्या त्या अटींत एक जादा गुणांचा मुद्दा होता: संडासात डोकं न घालता उलटी पकडता आली पाहिजे. तेवढं बघा.